टंचाईचा दावा आधी सिद्ध करा

प्रति,
मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सॉफ्टवेअर अभियंत्यांची कथित टंचाई व आमच्या मागण्या

मा. महोदय,

'चांगले डेव्हलपर मिळत नाहीत' ही उद्योगाची जुनी तक्रार आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथे नोकरी करणाऱ्या आम्हा अभियंत्यांना ती पटत नाही. टंचाई असती तर भाव चढला असता. मोठ्या सेवा कंपन्यांत फ्रेशरचा पगार मात्र दहा वर्षांहून अधिक काळ वार्षिक साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला आहे. वाकडचे खोलीभाडे तेवढे वाढत गेले. उलट जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले.

क्लाउड किंवा सायबर सुरक्षेतली अनुभवी माणसे कमी आहेत, हे आम्हाला मान्य आहे. पण अशी माणसे फ्रेशरमधूनच घडतात. आज फ्रेशरच्या जाहिरातीतही जावा, रिअ‍ॅक्ट, डॉकर आणि वर दोन वर्षांचा अनुभव मागतात. शिकवण्याचा खर्च कुणालाच नको आहे.

नोटीस पीरियडने तर टंचाई हाताने तयार केली आहे. कंपनीला बाहेरून 'इमिजिएट जॉइनर' हवा असतो. स्वतःच्या माणसाला ती 90 दिवस सोडत नाही. तोवर त्याच्या हातातली ऑफर निघून जाते. काम करायला तयार असलेला माणूस असा अडकून पडतो आणि दोन्हीकडून ओरड होते ती माणसे नसल्याचीच.

म्हणून आमच्या मागण्या :

1. राज्याच्या 2023 च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाखाली मुद्रांक व वीज शुल्कात सवलत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने रिक्त जागा, देऊ केलेला पगार आणि भरती केलेल्या फ्रेशरची संख्या दरवर्षी जाहीर करावी. जी माहिती देणार नाही, तिची सवलत थांबवावी.

2. नोटीस पीरियड दोन्ही बाजूंना सारखा आणि जास्तीत जास्त 30 दिवसांचा असावा.

3. ऑफर लेटरवरची रुजू होण्याची तारीख बंधनकारक करावी. ती पुढे ढकलल्यास मूळ तारखेपासून निम्मा पगार द्यावा. ऑफरच्या भरवशावर दुसरी नोकरी नाकारलेली मुले महिनोन्‌महिने घरी बसतात, याची झळ त्यांच्या आईवडिलांना लागते.

4. कंपन्यांना कर्मचाऱ्यांची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्यास बंदी घालावी.

5. पुण्याच्या अपर कामगार आयुक्त कार्यालयात आमच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष सुरू करावा. केवळ हुद्द्यात 'मॅनेजर' आहे म्हणून तक्रार न घेता कुणाला परत पाठवू नये.

या मागण्यांवर उद्योग प्रतिनिधी व आमची संघटना यांची संयुक्त बैठक आपण महिनाभरात बोलवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद, पुणे