करवतीचे झाकण आणि कामगाराची बोटे

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात माणसाच्या हाताचा हिशेब मांडलेला होता. अंगठा गेला तर उपार्जनक्षमतेची हानी ३० टक्के. तर्जनी समूळ गेली तर १४. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. लाकडाच्या वखारीत चक्री करवतीवरचे झाकण फुटते, तेव्हा मालकापुढे हा हिशेब असायला हवा. प्रत्यक्षात विचार होतो तो वेगळाच: नवे झाकण येईपर्यंत यंत्र बंद ठेवले तर किती घनफूट माल कापायचा राहील? मग फुटके झाकण तारेने बांधले जाते आणि करवत फिरत राहते.

असे झाकण यंत्राच्या थरथरीने सैल होते, आणि संरक्षण असल्याचा खोटा भरवसा मात्र देत राहते. वस्तुतः वीज तोडून, पाते पूर्ण थांबल्यावर, त्याच्या व्यासाला जुळणारे झाकण पक्के बसवणे हे काही अवघड काम नव्हे. पात्यामागची पोलादी पट्टीही त्याच वेळी तपासावी. ती नसेल तर कापातली फट मिटून पाते चिमटते आणि लाकूड कामगाराच्या अंगावर उसळते.

'कामगार स्वतःच झाकण काढतात,' असे मालक सांगतात. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु जेथे मजुरी कापलेल्या मालावर ठरते, तेथे सावधपणाची किंमत कामगाराच्याच खिशातून जाते. दोष त्याच्या बेफिकिरीचा नसून मजुरीच्या पद्धतीचा आहे.

यंत्र चालू असताना आवरण सुस्थितीत आणि जागेवर असलेच पाहिजे, असे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने घातले होते. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी मूळ कायद्यातील मर्यादा १० कामगारांची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखान्याच्या व्याख्येत ती २० केली. सुरक्षेची सर्वसाधारण कर्तव्येही १० कामगारांपासूनच सुरू होतात. चार-पाच माणसांची वखार दोन्हीकडे सामान्यतः बाहेरच राहते. करवत मात्र माणसे मोजून कापत नाही.

लहान मालकाची ओढाताण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे वखारवाल्यांनी एकत्र येऊन नेहमीच्या मापांची झाकणे राखून ठेवणे. कामगाराची बोटे पणाला लावणे नव्हे. झाकण बदलेपर्यंत यंत्र बंद आणि त्या काळाची मजुरी चालू, हा नियम एका कामगाराच्या वखारीलाही लागू झाला पाहिजे. बचत मालकाची आणि अपंगत्व कामगाराच्या कुटुंबाचे, या वाटणीला काटकसर म्हणता येणार नाही.