'बाय गम' म्हणजे 'अरे देवा' नव्हे

यॉर्कशायरचा शेतकरी आश्चर्याने 'बाय गम!' म्हणतो, विद्यार्थी अनुवादाच्या पेपरात 'अरे देवा!' लिहितो आणि आम्ही शिक्षक बरोबरची खूण करतो. मीही अनेक वर्षे केली. ही खूण चुकीची आहे, असे आता माझे ठाम मत आहे.

'गम' हे 'गॉड'चेच जाणूनबुजून मोडलेले रूप. 'ड्रॅट'मागे 'गॉड रॉट' आहे, 'लॉक्स'मागे 'लॉर्ड', 'डँग'मागे 'डॅम'. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही दहा आज्ञांतली एक. तिला कायद्याचाही पाठिंबा मिळाला. १६०६च्या कायद्याने रंगमंचावर ईश्वराचे नाव थट्टेने वा अनादराने उच्चारणाऱ्याला दहा पौंड दंड ठोठावला. त्यातली निम्मी रक्कम फिर्याद करणाऱ्याची! 'ऑथेल्लो'च्या १६२२च्या क्वार्टोतल्या कितीतरी शपथा १६२३च्या फोलिओत गळाल्या, त्या उगाच नव्हे.

म्हणजे जे नाव त्या शेतकऱ्याने शिताफीने गिळले, तेच आपण त्याच्या तोंडून स्वच्छ वदवतो.

या उद्गारांना 'खेडुतांचा भाबडेपणा' म्हणून निकालात काढणारी समीक्षा मला त्याहून खटकते. भाबडेपणा कसला? हार्डीच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड'मधली (१८७४) माल्टहाउसमधली बैठक पाहा. जॅन कॉगनला शेतकरी एव्हरडीनच्या घरची ती भरपूर एल आठवते, मोकळ्या तोंडाचे सुख आठवते. पण त्याची पहिली बायको शार्लट असले अवाक्षर खपवून घेत नसे. म्हातारा माल्टस्टर तर अपवित्र उद्गार ही निसर्गाचीच गरज ठरवतो. आणि एवढी धार्मिक शार्लट मेल्यावर स्वर्गात पोचली की नाही, याविषयी कॉगन साशंकच! ही माणसे नियम पुरता ओळखून त्याच्या कुंपणावर बसलेली आहेत. जोसेफ राइट यांनी इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश (१८९८–१९०५) सिद्ध केला; लहानपणी गिरणीत राबलेला, पंधराव्या वर्षापर्यंत निरक्षर असलेला हा यॉर्कशायरचा मुलगा पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला. त्याने जे शब्द कोशात जपले, ते आपण 'स्थानिक रंग' म्हणून दोन गुणांच्या टिपेत संपवतो.

मराठीची रीत नेमकी उलटी आहे. आपल्याकडे देवाचे नाव उघड घेतात: 'अरे रामा', 'देवा रे', 'शिव शिव'. झाकली जाते ती आईवरची शिवी. 'आयला', 'च्यायला' ही तिचीच छाटलेली रूपे. घडणीने पाहिले तर 'बाय गम'चा खरा भाऊबंद 'आयला' आहे. पण 'बाय गम' पाद्रीबुवांसमोरही खपून जाते. सासऱ्यांसमोर 'आयला' म्हणून पाहा!

तयार प्रतिशब्द माझ्यापाशी नाही. 'बाय गम' तसेच ठेवून संदर्भातून उलगडू देणारा विद्यार्थी मला अधिक प्रामाणिक वाटतो, आणि आता मी गुण त्यालाच देतो. 'अरे देवा'खाली लाल रेघ ओढली की सहकारी हसतात. हसोत बापडे.