वास्तू आधी की वाचक आधी?

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या कुंपणालगत एक सार्वजनिक ग्रंथालय बांधावयाचे ठरविले आहे. ते केवळ वसतिगृहातील मुलांपुरते नसेल, भोवतालच्या वस्तीलाही खुले राहील, हे ऐकून आम्हांस मनापासून आनंद झाला. तरीही या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एक विनंती करणार आहोत आणि ती काहींना रुचणार नाही. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी कोनशिला बसवू नये. ती एक वर्ष पुढे ढकलावी.

ही विनंती आम्ही स्वतःच्या अपयशाच्या अनुभवावरून करीत आहोत. सुमारे अठरा वर्षांपूर्वी अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यातील एका वस्तीत ग्रंथालय बांधण्यासाठी समिती झाली आणि तिचे सचिवपद आमच्याकडे आले. वर्गणी गोळा करताना आलेला अनुभव आजही डोळे ओलावतो. निंदणाला जाणाऱ्या एका आजीने दोन दिवसांची मजुरी पदराच्या गाठीतून सोडून आमच्या हातावर ठेवली आणि पावतीही घेतली नाही. "मले कुठं वाचता येते बाबू, नातीले येते," एवढेच म्हणाली. त्या पैशांतून सभागृहासारखी एक लांबट खोली उभी राहिली. दारावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी लागली, तिच्यावर आम्हा सर्व पदाधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. उद्घाटनाला गर्दी झाली, भाषणे झाली, खीर वाटली गेली. त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला बोट शिरेल एवढी भेग गेली. विटांना लोणा लागला. भिंतीत बसविलेल्या फळ्यांवरील पुस्तके ओलसर झाली आणि त्यांच्यामागून वाळवी आली. शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांच्या खंडांपैकी काही खंड आम्ही मोठ्या प्रयत्नाने मिळविले होते. ते उघडले तेव्हा आत मातीच्या रेघा होत्या.

दोष कोणाचा? बांधणाऱ्या मिस्त्रीला दूषणे देणे सोपे होते आणि काही दिवस आम्ही ती दिलीही. पण खोली कुलूपबंद होती म्हणून ओल कोणाला दिसली नाही. ती कुलूपबंद होती, कारण उघडणारा माणूस आम्ही नेमलाच नव्हता. वर्गणीचा शेवटचा रुपया ग्रॅनाइटच्या पाटीवर संपला होता.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत, म्हणून बाबासाहेबांनी वास्तू कोणत्या क्रमाने उभ्या केल्या इकडे आमचे लक्ष त्यानंतर अधिक गेले. दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बांधले गेले. तेव्हा ग्रंथ आधीच होते. परळच्या चाळीतील खोल्यांत ते मावेनासे झाले, म्हणून घर झाले. घर झाले म्हणून ग्रंथ जमविले गेले नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना 1945 ची. तिचे सिद्धार्थ महाविद्यालय 1946 साली मुंबईत लष्करी बराकींत सुरू झाले. आनंद भवन, बुद्ध भवन या इमारती नंतरच्या. औरंगाबादचे महाविद्यालय 1950 साली छावणीतील जुन्या इमारतींत भरू लागले आणि नागसेनवनातील वास्तूची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते 1 सप्टेंबर 1951 रोजी बसली. म्हणजे विद्यार्थी वर्षभर आधी शिकू लागले होते. आपण मात्र नेमके उलटे करतो. आधी कोनशिला, मग इमारत, मग पुस्तकांसाठी आवाहन आणि सर्वांत शेवटी, जमल्यास, वाचक.

ज्या सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली, त्यांच्या बडोदे संस्थानातही 1910 नंतर ग्रंथालयांची चळवळ वाढली ती इमारतींच्या बळावर नव्हे. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. एका गावाने वाचल्या की पुढच्या गावाला जात. गावाने स्वतःची वर्गणी जमविली की संस्थानाकडून भर पडे.

म्हणून हे एक वर्ष शाळेच्या व्हरांड्यालगतच्या रिकाम्या खोलीत दोन लोखंडी कपाटे ठेवून ग्रंथालय सुरू करावे. रोज सायंकाळी तीन तास. कोण येते, काय नेते, काय मागते आणि मिळत नाही, याची वही ठेवावी. ही वही हाच पुढे आराखड्याचा पहिला कागद ठरेल. मुली येतात की नाही, आल्या तर किती वाजेपर्यंत थांबतात, हे वहीत दिसेल आणि मग रस्त्यावर दिवा कोठे हवा, स्वच्छतागृह कोठे हवे, हे कोणा अभियंत्याने सांगण्याची गरज राहणार नाही. वस्तीतील प्रौढांना मोठ्या अक्षरांची पुस्तके हवीत की दैनिके, हेही कळेल.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अमरावती-अकोल्यात आज अभ्यासिका पुष्कळ आहेत. स्पर्धा परीक्षेची मुले तेथे स्वतःची पुस्तके घेऊन दहा-दहा तास बसतात. त्यांची ती गरज खरी आहे आणि तिची टिंगल आम्ही करणार नाही. आमचाही एक मुलगा त्या खुर्च्यांवर बसला आहे. परंतु अभ्यासिका म्हणजे ग्रंथालय नव्हे. जेथे सर्व टेबले परीक्षार्थींनी व्यापली आहेत, तेथे चौथीतला मुलगा गोष्टीचे पुस्तक मागायला बिचकतो आणि कामावरून आलेली बाई तर आतही डोकावत नाही. दोन्ही हवे असेल तर दोन खोल्या हव्यात आणि दोन दारे हवीत. वर्षभराच्या वहीनेच हे ठरू द्यावे.

दरम्यान जागेचे कागद पाहावेत. वऱ्हाडात किती वास्तू ई-क्लास जमिनीवर, केवळ तोंडी संमतीवर उभ्या आहेत, हे वाचकांस ठाऊकच आहे. त्या पाडल्या जात नाहीत हे खरे, पण अनुदानाचा अर्ज करताना मालकीचा उतारा मागितला जातो आणि तेथे सारे अडते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा आहे. त्याखालील मान्यता मिळाली तर ग्रंथालयास अ, ब, क, ड यांपैकी वर्ग मिळतो आणि कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांचे दारही किलकिले होते. या सर्वांसाठी नोंदणीकृत संस्था, लेखापरीक्षण झालेले हिशेब आणि चालू असलेले ग्रंथालय लागते; मोकळी इमारत पुरत नाही.

आता बांधकामाविषयी. आपली जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. आमच्या समितीने तीन फूट खणून पाया भरला, कारण शेजारच्या घराचाही तेवढाच होता. काळ्या मातीत पाया मुरुमापर्यंत गेला पाहिजे, किंवा तो फार खोल असेल तर त्या जमिनीसाठी नेमक्या केलेल्या खांबांचा विचार झाला पाहिजे. माती तपासण्याला लागणारा पैसा ग्रॅनाइटच्या पाटीपेक्षा फार नसतो. दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूरकडे बोअरला खारे पाणी लागते. तेच आम्ही काँक्रीटमध्ये घातले आणि तेच भिंतींवर मारले. खाऱ्या पाण्याने आतली सळई गंजते, हे आम्हांस छताचा पोपडा खाली पडल्यावर समजले. टँकरचा खर्च वाचविल्याचा अभिमान त्या वेळी समितीच्या बैठकीत नोंदविलाही होता. ते इतिवृत्त आमच्याच अक्षरात आहे.

हंगामही पाहावा लागतो. पाया दिवाळीनंतर घ्यावा आणि छताचे काम उन्हाळा चढण्याआधी उरकावे. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा नव्या काँक्रीटवर पाणी टिकत नाही. पुढील वर्षी वर्षावास सुरू होण्याच्या सुमारास, आषाढ पौर्णिमेला दार उघडता आले तर फारच उत्तम. त्या तीन महिन्यांत विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. रोज सायंकाळी एकत्र येण्याची सवय असलेले श्रोते तेव्हा तयारच असतात.

विहाराच्या माडीवर ग्रंथालय काढण्याची कल्पना अनेक ठिकाणी निघते. ती जागा वाचविते, पण पुस्तकांचे वजन कोणी धरीत नाही. भारतीय मानकांत वर्गखोलीच्या तळासाठी दर चौरस मीटरला साधारण 300 किलोचा भार धरला आहे. ग्रंथसाठ्याच्या खोलीसाठी तो किमान दुप्पट आहे आणि कपाटे उंच केली तर त्याहूनही अधिक. शिवाय जिना चढता न येणारे वृद्ध वाचक खालीच राहतात. तळमजलाच बरा. खिडक्या उत्तरेला मोठ्या ठेवाव्यात, पश्चिमेची भिंत शक्यतो बंद असावी आणि कपाटे भिंतीपासून वीतभर दूर असावीत. पाया भरतानाच वाळवीप्रतिबंधक औषध मारून घ्यावे. नंतर मारणे महाग पडते.

राहिला पैसा. आमचा प्रस्ताव असा की, जमलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक इमारतीवर खर्च करू नये. उरलेली रक्कम ठेव म्हणून बँकेत राहावी आणि तिच्या व्याजातून ग्रंथपालाचे मानधन निघावे. ड वर्गाचे अनुदान वर्षभर एका माणसाचा पूर्ण पगारही भागवीत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. निम्म्या पैशांत इमारत लहान होईल, हे मान्य आहे. ती लहानच असू द्यावी. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाला वाढणारी संस्था म्हटले होते. वाढीसाठी बाजूला जागा सोडून ठेवली की झाले.

हिशेबाबाबत आपल्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावच्या गाडगेबाबांची आठवण होते. लोकांच्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या, पण त्यांवर स्वतःची किंवा नातलगांची मालकी ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. आपल्या समितीतही बिले मंजूर करणारा आणि माल पुरविणारा एकाच घरातील नसावा. दर महिन्याचा जमाखर्च शाळेच्या फलकावर लागावा, म्हणजे पंचवीस रुपये देणारा पालकही तो वाचू शकेल. आपले माजी विद्यार्थी आज अभियंते आहेत, बँकेत आहेत, तलाठी आहेत. त्यांनी रक्कम कमी दिली तरी चालेल. दर पंधरवड्याला एकाने येऊन काम पाहावे आणि नोंदवहीत सही करावी.

त्या वस्तीतील वाचलेली पुस्तके दोन ट्रंकांत भरून आम्ही घरी आणली होती. ती अद्याप आमच्याकडे आहेत. आजी आता नाहीत. त्यांची नात मूर्तिजापूरकडे शिक्षिका आहे. गेल्या वर्षी भेटली तेव्हा तिने विचारले, "सर, आमच्या वाचनालयातली पुस्तकं कुठं गेली हो?" आम्ही तिला ट्रंका दाखविल्या. व्हरांड्यालगतच्या त्या खोलीत शाळेने कपाटे लावली की, दोन्ही ट्रंका आम्ही स्वतः घेऊन येऊ. वाळवी लागलेले खंडही त्यांत असतील.