पेशींना रविवार नसतो

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना रविवार माहीत नसतो. ३७ अंश तापमानाच्या इनक्युबेटरमधल्या पेशींचे पोषकद्रव्य दर दोन-तीन दिवसांनी बदलावेच लागते. मग गणपती असोत की दिवाळी. ते चुकले तर अनेक आठवड्यांचे काम वाया जाते. हे काम बहुतेक ठिकाणी पीएच.डी. करणारे विद्यार्थी करतात. त्यांची फेलोशिप मात्र ठरल्या तारखेला येईलच, याची खात्री नसते. काहींच्या खात्यात ती महिनोन्‌महिने जमा होत नाही. खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल मात्र थांबत नाही.

राष्ट्रीय परीक्षांतून निवड झालेल्यांना पहिली दोन वर्षे जेआरएफ म्हणून दरमहा ३७ हजार आणि नंतर एसआरएफ म्हणून ४२ हजार रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. जेआरएफची रक्कम २०१४मध्ये १६ हजारांवरून २५ हजार झाली आणि २०१९मध्ये ३१ हजार. म्हणजे वाढ होते, पण चार-चार वर्षांनी आणि तीही बहुधा विद्यार्थी रस्त्यावर उतरल्यावर. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा ठरतो. फेलोशिप आणि महागाई यांची अशी सांगड कोणीही घातलेली नाही.

बेरोजगारीच्या दिवसांत ३७ हजार रुपये कमी कसे, असे कोणी विचारेल. पण ही रक्कम मिळवणारे निवडक आहेत. केंद्रीय विद्यापीठांत नेट फेलोशिप नसलेल्या संशोधकाला महिना आठ हजारच मिळतात. राज्य विद्यापीठांतल्या अनेकांना तेवढेही नाहीत. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या फेलोशिपचा मोठा आधार आहे. पण तिथेही आंदोलने करण्याची वेळ विद्यार्थ्यांवर आलीच. शिवाय पंचविशी-तिशीतल्या या माणसाला ना भविष्यनिर्वाह निधी, ना पुढच्या नोकरीची हमी.

जीवशास्त्रात आणखी एक अडचण आहे, ती वेळेची. उंदराच्या मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा आणि पिल्लू प्रजननक्षम व्हायला साधारण दोन महिने. हवे ते जनुकीय बदल एकाच उंदरात आणायचे तर अशा कित्येक पिढ्या लागतात. त्याआधी प्राण्यांवरील प्रयोगांसाठी नैतिकता समितीची परवानगी मिळवायची. सह्याद्रीतल्या बेडकांचा किंवा कासच्या फुलांचा अभ्यास करणाऱ्याचा एक पावसाळा हुकला, की अख्खे वर्ष गेले. फेलोशिप मात्र जास्तीत जास्त पाच वर्षांची. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएच.डी.साठी सहा वर्षांची मुभा आहे. मग प्रबंध लिहिण्याच्या ऐन वर्षात पोट कसे भरायचे, याचे उत्तर त्या नियमांत नाही.

कोविडच्या साथीत अनेक संशोधन संस्थांनी आपल्या प्रयोगशाळा आरटीपीसीआर चाचण्यांसाठी खुल्या केल्या, तेव्हा संशोधक विद्यार्थी तिथे राबले. हे कौशल्य साथ आल्यावर चार दिवसांत तयार होत नाही. आधी काही वर्षे कोणीतरी त्यांच्यावर खर्च केलेला असावा लागतो. आपला देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के इतकाच खर्च करतो. त्यात जे मनुष्यबळ घडते, तेही अर्ध्या वाटेवर गळले तर दुहेरी तोटा.

यावर उपाय अवघड नाहीत. फेलोशिप महागाई निर्देशांकाशी जोडावी, म्हणजे दर चार वर्षांनी मोर्चा काढावा लागणार नाही. निधी यायला उशीर झाला तर संस्थेने आगाऊ रक्कम द्यावी आणि नंतर ती वळती करून घ्यावी. काम खरोखर सुरू असल्याचा मार्गदर्शकाचा अहवाल असेल तर सहाव्या वर्षीही साहाय्य मिळावे. आणि प्रत्येक संशोधकाला आरोग्य विमा असावा, कारण तो रोज रसायने आणि जंतू हाताळत असतो.

हे झाले नाही तरी संशोधन बंद पडणार नाही. ज्यांच्या घरी पैसा आहे, ते करतीलच. मागे हटेल तो शेतकऱ्याच्या किंवा रिक्षाचालकाच्या घरातला, नेट पास होऊनही घरी पैसे पाठवायची जबाबदारी असलेला विद्यार्थी. विज्ञानाच्या वाटेवरून बाहेर पडताना तो तक्रारही करत नाही. औषध कंपनीतली पहिली मिळेल ती नोकरी धरतो. म्हणूनच ही गळती कोणाच्या लक्षात येत नाही.