मुलांच्या सहवासात : आकाशातली वस्ती

मे महिन्यात आम्ही चार दिवस बहिणीकडे उरवड्याला होतो. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला भाचा इशाची नमाज झाली की लॅपटॉप उघडून बसायचा. गेम म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडतेच. पण पडद्यावर ना गोळीबार, ना शर्यत. नुसते तक्ते आणि आकडे! 'ऑरोरा फोर-एक्स' हा स्टीव्ह वॉल्मस्ली यांनी तयार केलेला गेम फुकट मिळतो आणि शिकायला महिने लागतात. भाचा त्यात लोकांना राहण्यासाठी आकाशात तरंगणारी वसाहत बांधत होता. हवी तिथे नेता येईल अशी.

आम्ही विचारलं, "मग तिला इंजिन का नाही?"

"मामू, इंजिन लावलं तर पोहोचल्यावर त्याचं ओझं कायमचं. त्यापेक्षा ओढणारं जहाज वेगळं ठेवायचं. एक वसाहत सोडून आलं की दुसरी न्यायला मोकळं."

म्हणजे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचाच हिशेब की! आम्हाला लगेच पटलं.

रक्षणाला दिलेल्या लढाऊ जहाजाच्या बाबतीत मात्र तो फसला होता. खलाशी किती महिने घराबाहेर राहणार, हे या गेममध्ये आधीच ठरवावं लागतं. मुदत कमी धरली की त्यांच्या राहण्याची जागा कमी लागते, जहाज हलकं होतं आणि वेगाने धावतं. भाच्याने तीनच महिने धरले. प्रवास लांबला, खलाशांचं मनोबल ढासळलं आणि जहाजाची कामगिरी खालावली. आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांच्या घरी हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

माणसांचा विषय निघाला तसं आम्ही त्याला मलेशियाचे डॉक्टर शेख मुझफ्फर शुकोर यांच्याबद्दल सांगितलं. 2007 च्या ऑक्टोबरमध्ये, रमजानच्या अखेरीस, ते अंतराळ स्थानकावर गेले. ते स्थानक दिवसात सुमारे सोळा वेळा पृथ्वीभोवती फिरतं. मग फज्र किती वेळा? मलेशियातल्या उलेमांनी त्यांच्यासाठी मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. चोवीस तासांत पाचच नमाजा, वेळा उड्डाणाच्या ठिकाणाच्या. पाणी नसेल तर तयम्मुम. किब्ल्याकडे शक्य तेवढं तोंड करायचं, नाहीतर पृथ्वीकडे.

भाच्याने वही ओढली आणि वसाहतीचा नकाशा काढला. घरं, शाळा, वुजूची जागा, मोठा नमाजचा हॉल. हे गेममध्ये काढता येत नाही, म्हणून वहीत.

बहीण चहा घेऊन आली. नकाशा पाहून म्हणाली, "हॉलला एकच दार? दुसरं कुठंय?"

भाचा गप्प झाला. 7 जून 2021 रोजी याच गावात एका रसायनांच्या कारखान्याला आग लागली. सतरा कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका. अडकलेल्यांसाठी जेसीबीने भिंत फोडावी लागली होती. तो धूर बहिणीने घरातून पाहिला होता.

त्याने दुसरं दार काढलं. तिथे शाळेची भिंत आडवी येत होती, म्हणून शाळाही सरकवावी लागली. ती नेमकी कुठे न्यायची यावर मायलेकांचा वाद आम्ही निघेपर्यंत मिटला नव्हता.