कप म्हणजे किती मिली?

मंडळी, या वीकेंडचा विषय स्वयंपाकघरातला. घरापासून लांब राहून स्वतः रांधणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी प्रश्न पडतोच, मिलीचे कप कसे करायचे? भागाकार सोपा आहे हो, पण भागायचं कितीने? अमेरिकेत पाकिटांच्या लेबलवरचा कप 240 मिलीचा, तिथलाच पारंपरिक कप सुमारे 237 चा. ऑस्ट्रेलियात 250, जपानात 200. आणि बऱ्याच राइस कुकरबरोबर येणारा प्लास्टिकचा कप 180 चा, कारण तो 'गो' या जुन्या जपानी मापावर बेतलेला. नाव एक, कॉन्स्टंट पाच!

आमच्या नेरकडे (जिल्हा यवतमाळ) पाटवडीचा हिशोब साधा. एक वाटी बेसन, दोन वाट्या पाणी. वाटी कुठलीही घ्या, वड्या पडणारच, कारण सांगितलंय ते प्रमाण. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने (1970) वाटी-चमच्याच्याच मापात कितीतरी घरांना स्वयंपाक शिकवला, तो उगाच नाही.

घोळ होतो तो मापं मिसळली की. समजा कुणी 240 चा कप धरून लिहिलं, 'एक कप बेसन, 480 मिली पाणी'. तुम्ही बेसन कुकरच्या कपाने घेतलंत, पाणी मात्र मिलीत मोजलंत. झालं! दुपटीऐवजी जवळपास पावणेतीनपट पाणी. त्याचं पिठलं होईल, वड्या नाही. 1999 साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर असंच गेलं. एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंडात दिले, दुसऱ्याने ते न्यूटन समजून वापरले. आपलं निदान बेसनावर भागतं.

म्हणून माझं मत असं, की सगळं वाटीत असेल तर कन्व्हर्ट करूच नका. एक वाटी धरा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. सगळं मिली-ग्रॅममध्ये असेल तर मापाचं भांडं आणि वजनकाटा काढा. मिसळ असेल तेव्हाच कन्व्हर्जन, आणि त्याआधी लिहिणाऱ्याचा कप कुठला ते बघा.

गंमत म्हणजे घरच्या पाककृतीही अशी मिसळच असतात. दूध लिटरने येतं, साखर वाटीने पडते. 'एक लिटर दुधाला एक वाटी साखर' यातली वाटी केवढी, हे फक्त आईलाच ठाऊक. तेव्हा पुढच्या सुट्टीत घरी गेलात की ती वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. आकडा वहीत लिहून ठेवा. उद्या ती वाटी मोडीत गेली, तरी बासुंदी घरात राहील.