पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला, पण मूल विचार करतंय का?

क्यूआर कोड स्कॅन केला, व्हिडिओ सुरू झाला, मूल शांत बसलं. याला 'इंटरॅक्टिव्ह लर्निंग' म्हणायचं का?

महाराष्ट्राला क्यूआर कोडचं कौतुक असणं साहजिक आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना हे कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पाठांतराऐवजी चिकित्सक विचारांवर भर दिला. पण व्हिडिओ मराठीत असो, रंगीत असो, मूल तिथे प्रेक्षकच असतं.

मग इंटरॅक्टिव्ह काय?

एक उदाहरण बघा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा मोफत प्रकल्प. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाईमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यात सी-सॉचा एक खेळ आहे. फळीला खालून टेकू दिलेले असतात. एका बाजूला मध्यापासून १ मीटरवर १० किलोच्या विटा ठेवायच्या, दुसऱ्या बाजूला २ मीटरवर ५ किलोची वीट. टेकू काढले तर काय होईल? 'जड बाजू खाली जाणार,' असं मूल अगदी खात्रीने सांगतं. टेकू निघतात आणि फळी सरळच राहते!

खरी गंमत इथे सुरू होते. असं का झालं? आता ५ किलोची वीट थोडी आत सरकवली तर? मूल स्वतःच्याच उत्तराची उलटतपासणी करायला लागतं.

अर्थात, नुसतं बोटाने विटा सरकवत बसलं तर हाही आणखी एक मोबाईल गेमच. म्हणून आधी अंदाज वहीत लिहायचा, मग टेकू काढायचे, मग कारण सांगायचं. व्हाईट आणि गन्स्टन या अभ्यासकांनी १९९२ च्या पुस्तकात मांडलेली ही पद्धत विज्ञान शिक्षणात चांगलीच रुळली आहे. ॲप हे काम आपोआप करून घेत नाही. तिथे 'तुला असं का वाटलं?' विचारून उत्तराची वाट बघणारं कुणीतरी लागतं. एका वर्गात चाळीस मुलं आणि पोर्शन संपवायची घाई असेल, तर आधी गळतो तो नेमका हाच प्रश्न.

आणि घरातला एकमेव स्मार्टफोन दिवसभर बाबांसोबत कामावर जात असेल तर? पेन्सिलीवर पट्टी आडवी ठेवा, दोन्हीकडे एक-एक रुपयाची नाणी मांडा. फक्त हात सोडण्याआधी मुलाला अंदाज विचारा.